ग्रीन बिल्डिंगच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टरचा पैसा नक्की जातो कुठे

बिलिंग किंवा टेंडरिंगला नवीन लागला असाल आणि हातात लीड किंवा आयजीबीसीवाली, म्हणजे ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग घ्यायची कमर्शियल साइट आली असेल, तर ग्रीन म्हणजे महागडं मटेरियल हे आधी डोक्यातून काढा. फ्लाय अ‍ॅशवालं सिमेंट, एएसी (सिमेंटचे हलके) ब्लॉक आपण एरवीही वापरतोच, लो-व्हीओसी (घातक वायू कमी सोडणारा) पेंटही आता मोठ्या ब्रँडांच्या नेहमीच्या रेंजमध्ये मिळतो. रजिस्ट्रेशनची आणि कन्सल्टंटची फी बहुतेक वेळा मालकच भरतो.

आपला खिसा कापला जातो टेंडरच्या जनरल कंडिशनमधल्या एका ओळीत: ग्रीन रेटिंगची सगळी पूर्तता कॉन्ट्रॅक्टरने करावी, वेगळा रेट मिळणार नाही. वाचायला साधी वाटते पण तिच्यात टायर धुवायची जागा, गाळ अडवायचा खड्डा, डक्टची तोंडं प्लास्टिकने बंद ठेवणं, डेब्रिजमधून लोखंड, लाकूड, पुठ्ठा वेगळा काढणं आणि प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती असं सगळं येतं. पावती नसली तर माल रिसायकलला गेला तरी ऑडिटला तो गेलेलाच नसतो. त्यामुळे कागदांसाठी एक माणूस पूर्णवेळ धरा, त्याचा पगार ओव्हरहेडमध्ये टाका, स्टोअरकीपरच्या गळ्यात घालू नका, तो आधीच वैतागलेला असतो.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे फ्लश-आउट, म्हणजे रंग-गोंदाचे वायू ताज्या हवेने बाहेर काढणं. लीडमध्ये हा पर्याय घेतला तर फिनिशिंग झाल्यावर, लोक वापरायला यायच्या आधी, दर चौरस फुटाला १४,००० घनफूट बाहेरची हवा आत सोडायची असते. मिनिटाला चौरस फुटामागे १ घनफूट धरलं तरी सलग जवळजवळ १० दिवस होतात, आणि एसी ऑफिसची फ्रेश एअर त्याहून बरीच कमी असते म्हणजे हिशोब आठवड्यांवर जातो. वर आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी, आता पुण्यात ऑगस्टमध्ये हे चिलर चालवल्याशिवाय करून दाखवा! कायमचं वीज कनेक्शन आलेलं नसतं मग डिझेल जाळा. हवेची टेस्ट करून घ्यायचाही पर्याय असतो, कुठला घेणार ते कन्सल्टंटकडून आधीच काढून घ्या.

डेव्हलपर रेटिंगसाठी इतका का अडून बसतो? यूडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकाम नियमावली) सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम रेटिंगला ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर बांधता येणारं क्षेत्र) आहे, म्हणून रेटिंग हुकलं तर पेनल्टीचं कलम असतंच. टेंडर भरायच्या आधीच्या प्री-बिड मीटिंगलाच लेखी विचारा: फ्लश-आउटची वीज कोणाची, ते दिवस मुदतीत धरलेत का, आणि डिझाइनमुळे पॉइंट गेले तर पेनल्टी कोणावर. तोंडी "बघू नंतर" म्हणाले तर रेटमध्ये धरून टाका.