ससा सांभाळायला घेताय? नुसते कान बघू नका

गणपतीत माणसं कोकणात गावी जातात, मे महिन्यात आजोळी जातात, आणि घरचा ससा कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतो. मुंबईत कुत्र्यांसाठी बोर्डिंग चिक्कार आहेत. सशाला घेणारे कमी, आणि घेतात त्यातले काही जण त्याला कुत्र्यांच्या शेजारच्याच खोलीत ठेवतात, म्हणजे बिचाऱ्याची झोपच उडाली. मुलुंडला राहत्या घरी मी फक्त ससे सांभाळते. हे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: ताई, तो आवाजच करत नाही, मग कळणार कसं?

कळतं, पण कानांचे चार्ट पाठ करून नाही. कान मागे म्हणजे राग, कान वर म्हणजे सावध, असे तक्ते मोबाइलवर हवे तेवढे मिळतात. रागावलेल्या सशाचे कान मागे असतात, तसे निवांत पडलेल्याचेही असतात. फरक बाकीच्या अंगात असतो. रागात शेपटी वर, मान पुढे, अंग ताठ आणि पुढच्या पायांचा फटका तयार. लोंबत्या कानांच्या लोप जातीचा ससा आला तर तक्ता तसाही निम्मा बाद होतो. म्हणून पूर्ण ससा बघायचा, आणि त्याआधी त्याची रोजची सवय विचारून घ्यायची.

ठेवायला येणाऱ्याला मी विचारते: फ्रिजचा भाजीचा कप्पा उघडला की हा काय करतो? दुपारी कुठे झोपतो? लेंड्या केवढ्या असतात? शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. पण गोल, एकसारख्या, भरपूर लेंड्या म्हणजे पोट चालू आहे. त्या बारीक झाल्या किंवा कमी झाल्या की बाकी काही दिसायच्या आधी मला कळतं.

एकदा ठाण्याच्या एक काकू बास्केट घेऊन आल्या. आत पांढरा ससा अंग चोरून बसलेला, कान पाठीला चिकटलेले, डोळे इतके मोठे की कडेचा पांढरा भाग दिसत होता. काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघ गं, किती शांत आहे आमचा!"

"काकू, तो घाबरलाय. थोडा वेळ हात नका लावू."

बास्केट जमिनीवर ठेवून दार उघडलं आणि आम्ही लांब बसून चहा घेतला. बऱ्याच वेळाने पुढचं अर्धं अंग बाहेर आलं, मागचे पाय मात्र आतच. हा पवित्रा ओळखायला शिका: कुतूहल आहे, पण पळायची तयारीही आहे. अशा वेळी पुढे सरकलात तर तो परत आत जातो. मग तो बाहेर आला आणि टेबलाच्या पायावर हनुवटी घासली. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, त्या घासून ससा वस्तूवर आपला हक्क सांगतो. त्यानंतरच मी काकूंना म्हटलं, आता निघालात तरी चालेल.

ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं तर मारला जाईल, ही त्याची उपजत समज. म्हणून "आज अगदी गरीब झालाय" हे वाक्य ऐकलं की मी उठून बघते. पाय पोटाखाली घेऊन लादीपावासारखा बसलेला ससा बहुतेक वेळा आरामात असतो. पण तसाच बसून पाठीला बाक आलाय, डोळे आवळून बारीक केलेत, पोट जमिनीला दाबतोय, उठून जागा बदलतोय आणि पुन्हा तसाच बसतोय, तर ती पोटदुखी आहे. दातांच्या आवाजातही असाच भेद आहे. डोकं कुरवाळताना येणारी हलकी कटकट सुखाची. मोठा, खरखरीत कचकच आवाज वेदनेचा.

वेदना चेहऱ्यावरून मोजण्याची एक पद्धत २०१२ साली संशोधकांनी मांडली. आवळलेले डोळे, चपटे झालेले गाल, नाकाचा बदललेला आकार, ताठरलेल्या मिश्या आणि कानांची ठेवण अशा पाच गोष्टी त्यात बघतात. हे शिकायचं तर आधी निरोगी सशाचे फोटो काढून ठेवा. तुलनेला काहीच नसेल तर आवळलेला डोळा झोपाळू वाटतो.

दहा-बारा तास ससा खात नसेल, लेंड्या नसतील, तर सकाळची वाट बघायची नाही. आतडं थांबलं की ससा फार लवकर खालावतो. सशांचा अनुभव असलेल्या दोन डॉक्टरांचे नंबर आधीच मिळवून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुठेही जाताना ससे बघणारे डॉक्टर आत्ता आहेत का, हे फोनवर विचारूनच निघा. कुणाला स्वतःच डॉक्टर व्हायचं असेल तर शेजारीच १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे: साडेपाच वर्षांची पदवी, 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन. सांभाळायच्या कामाला ती लागत नाही.

मुंबईत खरी कसोटी मे आणि ऑक्टोबरची. लादीवर लांब पसरलेला ससा खुशीतही असेल, उकाड्याने बेजारही. श्वास बघा. ससा नाकाने श्वास घेतो. तोंड उघडून धापा टाकत असेल तर जीव धोक्यात आहे. कान साध्या गार पाण्याने ओले करा, बर्फ लावू नका, पंख्याखाली घ्या आणि डॉक्टरकडे निघा. आपल्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग नाही.

मागचा पाय आपटणं हा धोक्याचा इशारा. ढोल-ताशे सुरू झाले की तो आपटणारच. आतली खोली, बंद खिडकी आणि लपायला खोका द्या. काहीच कारण नसताना मध्यरात्री आपटत राहिला तर पाल, मांजर, शेजाऱ्यांचा ड्रिल, सगळं तपासा. पायांभोवती गोल फिरून गुरगुरणारा नर वयात आलाय. तोंडात गवत घेऊन फिरणारी, छातीचे केस उपटणारी मादी घरटं करतेय, भले ती गाभण नसेना का.

खुशीच्या खुणांना मात्र नवखे घाबरतात. धावता धावता हवेत उडी मारून अंग पिळणं, त्याला बिंकी म्हणतात, ही फिट नव्हे. आणि बसल्या जागी धपकन कुशीवर पडणारा ससा मेलेला नसतो, झोपलेला असतो. उलट ज्या रील्समध्ये ससा उताणा, डोळे उघडे, "ध्यानात" दिसतो, ती भीतीने आलेली जडता असते. त्या बघून माझं डोकंच फिरतं. कान धरून उचलणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. उचलायचंच तर छाती आणि ढुंगण दोन्हीखाली हात हवा, कारण लाथ झाडताना पाठीचा कणाही मोडू शकतो.

मालकांना व्हॉट्सॲपवर "मजेत आहे" असं मोघम लिहू नका. काय खाल्लं, लेंड्या कशा, कुठे झोपला आणि बाजूने काढलेला छोटा व्हिडिओ, एवढं रोज पाठवा. परत न्यायला येतील तेव्हा आधीच सांगून ठेवा की घरी गेल्यावर तो रुसून पाठ फिरवून बसेल, जाताना मागचे पाय झटकेल. त्याला उचलून लाड करायला जाऊ नये. कोथिंबिरीची काडी घेऊन जमिनीवर बसावं आणि आपणही दुसरीकडेच बघावं.