‘रन’ या शब्दाने घेतलेली शिकवणी

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याच्या कामाला मी लागलो, तेव्हा अवघड शब्दांचा मला धसका होता आणि सोप्या शब्दांविषयी मी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात उलटेच घडले. एखादी वैद्यकीय संज्ञा अडली, तर परिभाषाकोश उघडला की प्रश्न मिटत असे. परंतु प्राथमिक शाळेत पाठ केलेला ‘रन’ हा शब्द ज्या मसुद्यात असे, तो हटकून लाल खुणा घेऊन परत येई.

त्यातील एक खूण मला अजून आठवते. आरोग्यविषयक पत्रकात ‘रनिंग वॉटर’खाली हात धुण्याची सूचना होती आणि मी ‘वाहत्या पाण्यात हात धुवा’ असे लिहिले होते. व्याकरणाने वाक्य निर्दोष होते. मसुदा गावातील काही मंडळींना वाचून दाखवला, तेव्हा एका आजींनी विचारले, “म्हणजे ओढ्यावर जायचं का रे बाळा?” त्यांच्या लेखी वाहते पाणी म्हणजे ओढ्याचे किंवा नदीचे. मूळ सूचनेचा हेतू इतकाच होता की, बादलीत साठवलेल्या पाण्यात हात बुडवू नयेत. अखेर ‘नळाच्या धारेखाली, किंवा दुसऱ्याकडून तांब्याने पाणी ओतून घेऊन, हात धुवावेत’ असे वाक्य झाले. ते लांबले खरे, पण कोणाला ओढ्यावर पाठवणारे राहिले नाही.

आपण एकटेच या शब्दापुढे हतबल झालेलो नाही, हे पुढे कळले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत विस्तृत नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नंतरच्या सुधारित नोंदींत ‘रन’ त्याच्या पुढे गेला. त्याच्या केवळ क्रियापदाचे ६४५ अर्थ तेथे नोंदवलेले आहेत आणि ते लावण्यात पीटर गिलिव्हर या कोशकाराचे सुमारे नऊ महिने गेले. जुन्या इंग्रजीत पायांनी पळणे आणि पाण्याने वाहणे हे दोन्ही अर्थ या शब्दात होतेच; पुढे गिरण्यांची यंत्रे, आगगाड्या आणि संगणकाचे प्रोग्रॅम हे सारे त्याच क्रियापदाच्या पदरात पडत गेले.

म्हणून नवोदितांना माझे पहिले सांगणे असे की, शब्दाचे भाषांतर करू नये. कोण ‘रन’ करतो आणि काय ‘रन’ करतो, ही जोडी पाहून मराठी क्रियापद निवडावे. दुकान चालवतात, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, बस सुटते किंवा धावते, नाटकाचे प्रयोग होतात, आणि बँकेवर ‘रन’ आला तर ठेवीदारांची झुंबड उडते. अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमधील उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो, त्यामुळे येथे अमेरिकी मजकूर असला तरी मराठी वाक्य आपोआप ब्रिटिश वळणाचे होते.

समानार्थी शब्दांच्या कोशाचा आधार घ्यावा, पण जपून. ‘मॅनेज’, ‘फ्लो’, ‘ऑपरेट’, ‘स्प्रिंट’ हे सारे तेथे ‘रन’च्या पंक्तीला बसलेले दिसतात, मात्र त्यांतील प्रत्येक शब्द ‘रन’च्या एखाद्याच अर्थाशी जुळतो आणि ते आपसांत मुळीच जुळत नाहीत. माझ्या मते त्या कोशाचा खरा उपयोग उलट दिशेने आहे: वाक्यात ‘रन’च्या जागी कोणता शब्द चपखल बसतो हे पाहिले की, अर्थ कोणता ते ठरते आणि मग मराठीकडे वळता येते.

हे अंगवळणी पडावे म्हणून मी आपल्या ‘लागणे’कडे पाहण्याचा सराव केला. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, थिएटरात सिनेमा लागतो आणि रस्त्यात गाव लागते. यांतील प्रत्येक वाक्य इंग्रजीत नेऊन पाहावे. दर वेळी वेगळे क्रियापद हाती येईल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती संगणकावर सहज पाहता येते; त्यातील ‘लागणें’ आणि ‘चालणें’ या नोंदी सवडीने वाचाव्यात.

सध्याच्या कामात आणखी एक धोका आहे. भाषांतराचे सॉफ्टवेअर पूर्वीची निवड साठवून ठेवते आणि तीच पुन्हा समोर करते, शिवाय मजकूर बहुधा सुट्या शब्दांच्या तक्त्यात येतो. क्रिकेटच्या ॲपसाठी लिहिलेला ‘धावा’ हा शब्द अशा रीतीने संगणकाच्या बटणावर जाऊन बसू शकतो, आणि तेथे तो वापरणाऱ्याला पळायला सांगतो. यावर एकच उपाय मला उपयोगी पडला: शब्द जिथे दिसणार त्या पडद्याचे चित्र मागावे. एकदा तक्त्यात नुसते ‘रन ३’ एवढेच आले होते आणि आधीच्या कामातून ‘३ धावा’ हा पर्याय तयार होता. चित्र मागवले, तर ते रक्ततपासणीच्या यंत्राचे निघाले. मी ‘तिसरी फेरी’ असे लिहून तक्ता परत पाठवला.