भामरागडकडच्या धबधब्यांवर मुक्कामाला जाताय? या चुका टाळा

पाऊस सरत आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या बिनागुंड्याच्या धबधब्याचे रील फिरायला लागतात अन् गाड्या निघतात. जा ना, जागा आहेच तशी, पण दरवर्षी त्याच चुका लोक करून राहिले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉरेस्टवाल्यांना विचारलं की झालं असं समजणं. अरे ते माडिया आदिवासींचं जंगल आहे, १९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) अन् २००६ चा वनहक्क कायदा दोन्ही ग्रामसभेला मानतात, आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला हे कोणाला माहीत नाही? म्हणून गाडी थेट धबधब्याकडे नेऊच नका. आधी गावात थांबा, जोहार करा, गाव पाटील नाहीतर भूमियाला (गावच्या पारंपरिक प्रमुखाला) भेटा, झोपायचं कुठं, चूल कुठं पेटवायची, कुठल्या बाजूला जायचंच नाही ते विचारून घ्या, कारण आपल्याला नुसता दगड किंवा झाड दिसते अन् ते त्यांच्या देवाचं ठाणं असू शकते. नाही म्हणाले तर परत फिरा, पैसे दाखवून घासाघीस करू नका. वाटाड्या गावातलाच घ्या अन् त्याचा दिवसाचा रोज नीट द्या. बायका-लेकरांचे फोटो न विचारता काढणं तर मला बिलकुल पटत नाही. जाताना पोलीस मदत केंद्रात सांगून जा, ड्रोन घरीच ठेवा.

टेंट नदीच्या पात्रात, खडकावर लावू नका. वर डोंगरात पाऊस झाला तर तुमच्याकडे ऊन असतानाही पाणी वाढते. पाणी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला की सामान सोडा अन् वर चढा. भर पावसाळ्यात तर जाऊच नका, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होते, मग पाणी उतरेपर्यंत थांबणं एवढाच उपाय, पुलावरून पाणी असताना गाडी घालायची नाही म्हणजे नाही.

अन् मलेरिया. इकडचा फाल्सिपेरम जातीचा मलेरिया मेंदूत जाते, माणूस दगावते. पूर्ण बाह्या, मच्छरदाणी पाहिजेच, अन् निघायच्या आधी डॉक्टरला प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा. ताप बहुतेकदा घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी येते अन् शहरातले लोक व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल खात बसतात. तसं करू नका, त्याच दिवशी रक्त तपासा अन् डॉक्टरला गडचिरोलीच्या जंगलात राहून आलो हे स्वतःहून सांगा.