चांदीचा पत्रा आणि वाकलेली रेघ

एम.एस्सी.च्या न्यूक्लिअर लॅबमध्ये चांदीच्या पत्र्याचा प्रयोग वाट्याला आला तर नाक मुरडू नका. क्षय-वक्राला (किरणोत्सर्ग वेळेनुसार कसा घटतो ते दाखवणाऱ्या आलेखाला) जुळणारं फलन कसं शोधायचं, हे शिकायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

पत्रा काही मिनिटं न्यूट्रॉन स्रोताजवळ ठेवायचा, मग झटपट जी.एम. (गायगर-म्युलर) काउंटर या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या ट्यूबखाली आणून दर १० सेकंदांचे काउंट लिहायचे. इथे बरेच जण एक्सेलमध्ये सहाव्या घाताची बहुपदी बसवतात आणि आर-स्क्वेअर (फलन ठिपक्यांना किती जुळलं त्याचा आकडा) बघून खूश होतात. ती बहुपदी शेवटच्या ठिपक्यापुढे न्या. एक तर वर उसळेल, नाही तर ऋण काउंट दाखवेल. शिल्लक केंद्रकांपैकी ठरावीक हिस्साच दर सेकंदाला फुटतो, हे रदरफोर्ड आणि सॉडी यांनी १९०२ च्या सुमारास मांडलं. त्यातूनच घातांकी फलन येतं.

म्हणून काउंटचा लॉग वेळेसमोर मांडा. सरळ रेघ यायला हवी, पण ती वाकते. चांदीत १०७ आणि १०९ या वस्तुमानांकांची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) जवळजवळ निम्मी-निम्मी असतात. न्यूट्रॉन गिळून त्यांची किरणोत्सर्गी १०८ आणि ११० होतात. ११० चं अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा वेळ) सुमारे २४.६ सेकंद, १०८ चं सुमारे २.४ मिनिटं. तेव्हा फलन दोन घातांकी पदांच्या बेरजेचं.

चार-पाच मिनिटांनंतर ११० जवळपास संपलेलं असतं. तिथल्या ठिपक्यांतून रेघ काढा, मागे शून्य वेळेपर्यंत वाढवा, तिच्यावरचे काउंट मूळ काउंटमधून वजा करा. उरतं ते ११० चं. मात्र आधी बॅकग्राउंड (पत्रा नसतानाही येणारे काउंट) वजा झालेलं हवं, नाही तर शेपूट आडवं पडून १०८ चं अर्धायुष्य फुगतं. (वजाबाकीत ऋण आलेले आकडे लॉग निघत नाही म्हणून गाळले, तरीही शेपूट वरच ओढलं जातं.)

हाताने काढलेल्या या किमती साय-पाय या पायथन लायब्ररीतल्या कर्व्ह-फिटला (ठिपक्यांना फलन बसवणाऱ्या आज्ञेला) सुरुवातीचे अंदाज म्हणून द्या. न दिल्यास तो सगळे १ धरतो आणि १०८ चा क्षयांक (दर सेकंदाला फुटणारा हिस्सा) ०.००५ च्या आसपास असल्याने भरकटू शकतो. प्रत्येक ठिपक्याची त्रुटी म्हणून बॅकग्राउंडसकट मूळ काउंटचं वर्गमूळ घाला. व्हायवात हे विचारतातच.

शेवटी मोजलेले आणि फलनाचे काउंट यांतल्या फरकाचा आलेख काढा. ठिपके शून्याच्या वर-खाली विखुरलेले हवेत. सुरुवातीचेच सगळे खाली दिसले, तर तिसरं पद जोडण्याआधी डेड टाइमची (एक पल्स मोजल्यावर ट्यूब क्षणभर बंद असते त्या वेळेची) दुरुस्ती करा. काउंट जास्त असताना ट्यूब काही पल्स मोजतच नाही.