एलायझा हेवूड वाचायचीय? मग अशी वाचा

अठराव्या शतकातली इंग्लिश कादंबरी म्हटलं की सगळे डिफो, रिचर्डसन, फील्डिंग एवढ्यावरच थांबतात, पण त्याच लंडनमध्ये एलायझा हेवूड नावाची बाई कादंबऱ्या, नाटकं, भाषांतरं, मासिकं असं सगळं नुसतं छापत सुटली होती आणि आज तिचं नावही कोणाला माहीत नसतं.

सुरुवात पहिल्या पुस्तकापासून करू नका. 'लव्ह इन एक्सेस' (1719-20) त्या काळी तुफान खपलं, पण आज त्यातले उसासे वाचून कंटाळा येतो. आधी 'फँटोमिना' (1725) घ्या, एका बैठकीत संपतं. एका बड्या घरच्या मुलीचा बोप्लेझीर नावाच्या माणसावर जीव जडतो, त्याचं मन भरलं की ती वेष बदलून परत त्याच्यासमोर येते, आधी वेश्या, मग बाथ नावाच्या गावातली मोलकरीण, मग विधवा, आणि हा गडी दर वेळी नवीन बाई समजून पाघळतो! विधवेच्या वेषात ती त्याच्याच गाडीतून प्रवास करते तरी साहेबांना पत्ता नाही. शेवट मात्र गोड नाहीये, आधीच सांगतो.

स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला किंवा मधे आलेला एस हा एफसारखा दिसतो त्यामुळे सर्च नीट चालत नाही, म्हणून शब्द एफ घालूनही शोधा. आणि बरीच पुस्तकं निनावी आहेत, तेव्हा लेखकाच्या नावाने शोधून सगळं सापडणार नाही. कुठलं खरंच तिचं आणि कुठलं उगाच तिच्या नावावर खपवलेलं, हे बघायला पॅट्रिक स्पेडिंगची 2004 ची सूची लायब्ररीत मिळाली तर सोडू नका. व्हिचर नावाच्या अभ्यासकाने 1915 मध्ये लिहिलेलं तिचं चरित्र फुकट मिळतं, वाचा, पण ती व्हॅलेंटाइन हेवूड नावाच्या पाद्रीची बायको होती हे त्यातलं पुढे खोटं ठरलंय, आणि इंटरनेटवर अजून कॉपी-पेस्ट होतंय.

आता मेन गोष्ट. एक कागद घ्या, वर्ष, प्रकार आणि त्या वेळी बाजारात काय चाललं होतं असे तीन रकाने पाडा. 1728 मध्ये अलेक्झांडर पोप या कवीने 'डन्सियड' या टवाळीच्या कवितेत तिला प्रकाशकांच्या मुतायच्या शर्यतीतलं बक्षीस केलं (हो, खरंच) आणि लोक म्हणतात त्याने ती गप्प बसली. पण 1730 नंतरचा रकाना भरा, बाई नाटकात होती, फील्डिंगच्या हेमार्केटच्या थिएटरात! 1737 च्या नाटकांच्या परवान्याच्या कायद्याने ते थिएटर बंद पडलं. 1740 मध्ये रिचर्डसनची 'पामेला' गाजली तर हिने वर्षभरात 'अँटी-पामेला' काढली, मग 1744 ते 46 'फीमेल स्पेक्टेटर' हे मासिक. आधी चावट लिहिणारी बाई म्हातारपणी सुधारली ही जी गोष्ट सांगतात ती क्लारा रीव्ह या लेखिकेने 1785 मध्ये, म्हणजे ही जाऊन 29 वर्षं झाल्यावर, लिहून ठेवलेली आहे, माझा तरी त्यावर विश्वास नाही, मला तिच्यात बाजार ओळखणारी पक्की धंदेवाईक लेखिका दिसते.

'बेट्सी थॉटलेस' (1751) शेवटी ठेवा. चार भाग आहेत, मधे रेंगाळतं, पण बेट्सीचं लग्न झाल्यावर घरखर्चावरून नवरा-बायकोची जी भांडणं होतात ती अजिबात गाळू नका.