जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरील शटरचा वेग कसा वाचावा

ठाण्यातील अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात आजोबांचा फिल्म कॅमेरा अजून जपून ठेवलेला असतो. तो हाती आल्यावर शटरच्या, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळच प्रकाश पडू देणाऱ्या झडपेच्या, वेगाची चकती फिरवण्याआधी तिच्यावरील आकडे शांतपणे वाचावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चकतीवर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आकडे असल्यास प्रत्येक आकडा हा अपूर्णांकाचा छेद समजावा. १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. त्यामुळे आकडा मोठा होईल तसा फिल्मवर पडणारा प्रकाश घटतो आणि दर घरागणिक, म्हणजे चकतीवरील प्रत्येक पुढच्या आकड्यागणिक, साधारण निम्मा होतो. काही कॅमेऱ्यांवर पूर्ण सेकंदांचे आकडे वेगळ्या रंगात असतात, म्हणून रंगाकडेही लक्ष द्यावे.

त्याहून जुन्या कॅमेऱ्यांवर १, २, ५, १०, २५, ५०, १०० अशी निराळी मालिका आढळते. प्रकाशमापकाने १२५ सांगितले आणि चकतीवर १०० असेल, तर निःशंकपणे १०० लावावे. हा फरक एका घराच्या सुमारे तृतीयांश इतकाच असतो आणि निगेटिव्ह फिल्म तो सहज सामावून घेते.

'बी'वर बटण दाबून धरले आहे तोवर शटर उघडे राहते. 'टी'वर ते पहिल्या दाबाने उघडते आणि दुसऱ्या दाबाने मिटते. 'एक्स', विजेची खूण किंवा लाल आकडा ही बहुधा फ्लॅशची मर्यादा असते. पडद्याच्या शटरमध्ये, म्हणजे फिल्मसमोर सरकणारे पडदे असलेल्या शटरमध्ये, ती ओलांडल्यास चित्राचा काही भाग काळा येतो.

पेंटॅक्स के-१००० च्या चकतीतील छोट्या खिडकीत दिसणारा आकडा फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा (आयएसओ किंवा एएसए) असतो, वेगाचा नव्हे. नवखा माणूस हमखास येथेच फसतो. ऑलिंपस ओएम-१ वर तर वरची चकती केवळ संवेदनशीलतेसाठी असून वेगाचे कडे भिंगाच्या बैठकीभोवती असते.

क्रमाचे भान सर्वांत महत्त्वाचे आहे. झोर्की-४ या कॅमेऱ्यात आधी रोल पुढे सरकवून शटर ताणावे आणि मगच वेग बदलावा, अन्यथा यंत्रणा बिघडू शकते. भिंगातच बसवलेल्या जुन्या कॉम्पुर-रॅपिड शटरमध्ये याउलट सर्वांत मोठा वेग शटर ताणण्यापूर्वीच लावावा लागतो, कारण त्यासाठी जादा स्प्रिंग असते.

सरावासाठी संध्याकाळी ठाण्यातील तलावपाळीवर, नावा चालतात त्या तलावाकाठी, जावे. ५० मिलिमीटरचे भिंग असल्यास हातात धरून ६० च्या खाली उतरू नये. ३० वर हाताच्या कंपाने चित्र हलण्याचा धोका असतो, तर २५० वर वल्ह्यावरून उडणारे थेंबही बऱ्यापैकी स्पष्ट येतात.

मात्र पहिला रोल भरण्यापूर्वी रिकाम्या कॅमेऱ्यात १ सेकंद लावून कान द्यावा. शटरच्या यंत्रणेची घरघर मध्येच अडखळली किंवा शटर उघडेच राहिले, तर आतील वंगण घट्ट झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी जोर न लावता कॅमेरा जाणत्या दुरुस्तीकाराकडे न्यावा.