रब्बीच्या पाळ्या घटल्या तर: पेरणीपासून दारं धरेपर्यंत

पैठण डाव्या कालव्यावर रान असेल तर रब्बीचा आराखडा आधी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर मांडावा, बाजारभाव नंतर बघावा. नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, भरला तर उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून पिण्याचं आणि उद्योगांचं पाणी आधी बाजूला निघतं, बाष्पीभवन धरलं जातं, आणि उरलेल्यात शेतीच्या पाळ्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या फेऱ्या, बसवतात. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर पाळ्या किती आणि कधी ते प्रगटनात (जाहीर सूचनेत) येतं. चारच्या दोन झाल्या तर तेच पीक ठेवून प्रत्येक पाण्यात थोडी काटकसर करून भागत नाही. पीक किंवा क्षेत्र, दोन्हींपैकी एक बदलावंच लागतं.

प्रगटनातली मुदत संपायच्या आत नमुना ७ चा, म्हणजे पाणी मागणीचा, अर्ज पाटबंधारे शाखा कार्यालयात द्या. पाणी वापर संस्था असेल तर संस्थेकडे. मागची थकबाकी असेल तर अर्ज तिथंच अडकतो. क्षेत्र खरं लिहा. तीन एकर लिहून पाच एकर भिजवलं की पंचनामा आणि जादा आकारणी ठरलेली.

आता तारखांचं गणित. हा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. पैठणला गेट उचललं म्हणून पाथरी-मानवतच्या चाऱ्यांना (शेतापर्यंतच्या लहान पाटांना) लगेच पाणी येत नाही, मध्ये बरेच दिवस जातात. प्रगटनातली तारीख धरून पेरणी करू नका. आपल्या वितरिकेला (मुख्य कालव्यातून निघणाऱ्या उपकालव्याला) पाणी कधी लागणार हे कालवा निरीक्षकाला विचारा आणि त्या तारखेपासून उलटं मोजा.

हरभऱ्याला दोन पाणी पुरतात: ३० ते ३५ दिवसांनी, फुलं लागायच्या आधी, आणि ६० ते ६५ दिवसांनी घाटे भरताना. २५ ऑक्टोबरला पेरला तर पहिलं पाणी २४ ते २९ नोव्हेंबर आणि दुसरं २४ ते २९ डिसेंबर. तुमच्या चारीच्या पाळ्या याच्या आसपास येत असतील तर दोन पाळ्यांच्या वर्षी हरभऱ्याइतकं खात्रीचं दुसरं पीक नाही. फक्त भारी रानात हात राखून भिजवा. पाणी तुंबलं की हरभरा उभळतो, पिवळा पडतो, आणि मग कितीही फवारलं तरी उपयोग नाही.

ज्वारीला एकच पाणी मिळणार असेल तर ते पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी), ५० ते ५५ दिवसांनी द्या. दोन असतील तर पहिलं ३० दिवसांच्या सुमाराला. करडई कमी ओलीवर तग धरते, तिला पाण्याचा आग्रह नको.

गव्हाबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवं. एकच पाणी असेल तर ४० ते ४२ दिवसांनी द्यावं, दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण यात पेरणीआधी रान ओलवायचं पाणी धरलेलं नसतं. परतीचा पाऊस गेला आणि पहिली पाळी ओलवणीतच खर्ची पडली, तर दोन पाळ्यांचा गहू खरं म्हणजे एका पाण्याचा गहू होतो. विहिरीची जोड नसेल तर घरापुरताच पेरा. नव्या उसाचा तर अशा वर्षी विचारही करू नका, उन्हाळ्यात तो कशावर जगवणार?

पाणी यायच्या आठवडाभर आधी चारी साफ करा. बेशरम आणि लव्हाळा मुळासकट काढा, उंदीर-खेकड्यांची बिळं माती ठोकून बुजवा, फाट्यांच्या तोंडाशी मातीनं भरलेली पोती तयार ठेवा. चारीवरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तरच याला अर्थ आहे. मधल्या एकाच्या बांधाजवळ गवत राहिलं की टेलवाल्याचे (चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याचे) तास तिथंच मुरतात.

पाणी आलं की आपल्या बांधावर ते मोजा. चारीचा सरळ दहा मीटरचा तुकडा घ्या, अर्धी भरलेली बाटली सोडा आणि सेकंद मोजा. समजा पाणी ६० सेंमी रुंद, २० सेंमी खोल आहे आणि बाटलीला ४० सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.२५ मीटर. ०.६ × ०.२ × ०.२५ म्हणजे ०.०३ घनमीटर. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून याला ०.७ ने गुणा: सेकंदाला साधारण २१ लिटर. एका एकराला ७ सेंमी पाणी म्हणजे २ लाख ८३ हजार लिटर, तेव्हा या धारेनं पावणेचार तास लागतील. विमोचकातून (चारीला पाणी सोडणाऱ्या दारातून) पूर्ण एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, सुटत असेल तर वाटेत सेकंदाला सात लिटर गेले. पाळीपत्रकातल्या (कुणाला कधी, किती तास पाणी याच्या तक्त्यातल्या) तासांत किती एकर बसतात ते यावरून काढा. बसत नसेल ते रान पहिल्या पाळीलाच सोडून द्या. सगळंच अर्धवट भिजवलं तर कुठलंच पीक धड पदरात पडत नाही.

काळ्या रानात भेगा रुंद झाल्या की पहिले दोन तास पाणी पुढं सरकतच नाही, भेगाच पितात. त्यावर उपाय पाळीच्या आधीची कोळपणी, तिनं भेगा बुजतात. सारे (पाणी द्यायचे लांब पट्टे) दोन ते तीन मीटर रुंद पाडा, पाणी साऱ्याच्या पाऊण लांबीला पोचलं की दार मोडून पुढच्या साऱ्यात घ्या. उरलेला भाग मागचं पाणी भिजवतं. रात्रीची पाळी असेल तर दोन माणसं, बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत. एकटा माणूस दारही धरू शकत नाही आणि वरच्या अंगाला कुणी फाटा फोडला का तेही बघू शकत नाही. कुणी फोडलाच तर भांडत बसण्यापेक्षा वेळ लिहून निरीक्षकाला लगेच कळवा. कालवा फोडणं हा १९७६ च्या पाटबंधारे कायद्याखाली गुन्हा आहे.

कालवा वाहतो तेव्हा लाभक्षेत्रातल्या विहिरींना पाझर लागतो. म्हणून पाळी चालू असताना विहिरीला हात लावू नका, ते पाणी दोन पाळ्यांच्या मधल्या ताणासाठी. शेततळं असेल तर ३० × ३० × ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतं. कालव्यातून ते भरायचं तर परवानगी घ्यावी लागते. तुषार सिंचनानं ५ सेंमी पाणी द्यायला एकरी दोन लाख लिटर लागतात, तेव्हा गळती-बाष्पीभवन धरून आठ एकरांना एक पाणी समजा. बारा-बारा मीटरवर तासाला १८०० लिटरचे नोझल असतील तर एका जागी चार तास ठेवा. हरभरा ऐन फुलात असेल तर तुषार नकोच, फुलं गळतात.